खालून वाचलेली पानं

पुस्तक कापलं नाही तर गिल्बर्ट टॅपस्कॉटचं जहाज बर्फातून सुटणार होतं. कापलं तर ते तिथंच राहणार होतं. मामला इतका सरळ होता. दक्षिण समुद्राच्या एका जुन्या सफरीचा पहिला खंड त्याच्याकडे दोन वर्षं होता. त्याच्या शेवटच्या पानावर जहाज बर्फात रुतलं होतं, कप्तानाच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि स्वयंपाक्यानं पादत्राणांचं कातडं उकळायला टाकलं होतं. दुसरा खंड पिनॉकच्या दुकानात, काचेच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर होता. पिनॉक म्हणजे लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या मागच्या गल्लीतला पुस्तकविक्या. नवीन देऊन जुनं घ्या, असा त्याचा धंदा. छापखान्यातून पुस्तक येतं ते घडी घातलेले ताव शिवून, पानांच्या कडा वरून आणि बाजूनं एकमेकींना चिकटलेल्या. ज्याला वाचायचं त्यानं आपल्या सुरीनं त्या कापाव्यात. एकदा कापलं की ते वाचलेलं पुस्तक, म्हणजे उष्टं. न कापलेलं मात्र कोरं करकरीत, पिनॉक त्याच्या बदल्यात कपाटातलं काहीही काढून देई. मासिकाचे संपादक टॅपस्कॉटकडे अभिप्रायासाठी पुस्तकं पाठवत ती अशीच कोरी. त्यानं ती न कापता वाचावीत, असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं ती न कापता वाचू नयेत, असंही कुणी सांगितलं नव्हतं.

न कापता वाचता येतं, आणि येतं म्हणजे बऱ्यापैकी येतं. सोळा पानांच्या तावातली निम्मी पानं उघडीच असतात. काही बाजूनं किलकिली करून दिसतात. चारच पानं अशी, की ती वरूनही बंद आणि बाजूनंही. त्यांची पिशवी होते, आणि ती खालच्या बाजूनं अंगठ्यानं फुगवून, पुस्तक खिडकीकडे धरून, मान वाकडी करून आत बघावं लागतं. मग पानाच्या तळाच्या सहासात ओळी दिसतात. टॅपस्कॉटला तेवढ्या पुरत. एक्झेटरला असताना, नऊदहा वर्षांचा असेल, एका दुकानाच्या काचेमागे पुस्तक उघडं मांडून ठेवलेलं असे. दोन पानं दिसत. दुकानदाराला आठवण झाली की तो पान उलटी. कधी चार दिवसांनी, कधी महिन्यानं. तो रोज शाळेतून येताना त्याच दोन पानांसमोर उभा राही आणि मागचं-पुढचं मनानं रचून घेई. पुढे तेच पुस्तक कुणाकडे तरी मिळालं, तेव्हा त्याला आपलं रचलेलंच जास्त आवडलं. दोन पानांवरून पुस्तक ओळखतो, असं तो मोठेपणी जेवणाच्या टेबलावर सांगे, आणि लोक कौतुकानं हसत. कुणी म्हटलं नाही की बाबा, ओळखणं वेगळं आणि वाचणं वेगळं.

आणि वाचायचा तर तो दिवसभर. सकाळी शेगडीशी पाय टेकून भाजलेल्या पावाबरोबर प्रवासवर्णन. पायरीवर मोडका इतिहास. पायखान्याकडे जाताना जे हाती लागेल ते. दुपारी पिनॉककडे उभ्याउभ्या. एका वेळी चार पुस्तकं चालू, चार ठिकाणी पालथी. मित्रांनी पुस्तकं देणं बंद केलं होतं, कारण तो समासांत लिही आणि ती परत करी तेव्हा मालकालाच आपलं पुस्तक ओळखू येत नसे. हयात कवींना मात्र तो हात लावत नसे, नाइलाज असल्याशिवाय. वाचताना सफरचंद लागे. ते तो एका सालात सोली, न तुटता, आणि तीच लांब वेटोळी साल खूण म्हणून पानांत घाली. घरमालकीण पॉट्सबाई दर शनिवारी झाडताना वाळलेल्या साली सुपात धरून दारात उभी राही आणि विचारी, "टॅपस्कॉट साहेब, तुम्ही पुस्तकं वाचता की चरता?"

हे सगळं त्याला त्या मार्चमधल्या दुपारी एकदम दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं दिसलं. पॉट्सबाई वर आली, मागे कुणी नाही असं बघून हळूच म्हणाली, एक बाई आली आहे, खालच्या दारात उभी आहे, उभ्याउभ्या मोजा विणते आहे; भिकारीण म्हणावं तर हात रिकामे नाहीत, आणि बाईसाहेब म्हणावं तर पायांत लाकडी तळाचे बूट. उत्तरेकडची बोली. तुमचं नाव सांगते आहे जसं काही तुम्ही तिचे मामा. टॅपस्कॉटच्या हातात सफरचंद अर्धं सोललेलं होतं. त्यानं ते तसंच सोलून पुरं केलं, साल ताटलीत ठेवली आणि म्हटलं, पाठवा. अशा बाया वर्षातून दोनतीन येत. त्याच्या कवितांच्या दोन पुस्तकांत मेंढपाळ होते, डोंगर होते, गरिबाच्या चुलीची राख होती, आणि ज्यांच्या घरी खरी राख होती त्यांना ते कुणीतरी वाचून दाखवलेलं असे. ती माणसं भेटून गेली की त्याला दोन दिवस बरं वाटे.

बाई आत आली. चाळिशीची, उंच, वाऱ्यानं भाजलेली. कमरेला विणायची लाकडी पट्टी खोचलेली, तिच्यात एक सुई रोवलेली. तिनं खुर्चीवर बसायच्या आधी खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर एक पुस्तक पालथं होतं. ते तिनं उचललं, बंद करण्याआधी पानाचा आकडा बघितला, आणि मग मिटून टेबलावर ठेवताना सांगितला, "दोनशे सोळा." इतकी साधी गोष्ट, पण टॅपस्कॉटला कुणी आपल्या सदऱ्याचं बटण लावून द्यावं तसं ओशाळल्यासारखं झालं. मग तिनं नाव सांगितलं. हेस्टर मेटकाफ.

ते नाव त्यानं छापलेलं पाहिलं होतं. गेल्या नोव्हेंबरात अभिप्रायाला आलेलं कवितांचं पुस्तक, तिचं. पातळ, राखी पुठ्ठ्याचं; सुरुवातीला वर्गणीदारांची यादी, दीडशे नावं. पाद्री, पाद्र्याची बहीण, आणि मग नुसत्या बाया, अमक्या खोऱ्यातली तमकी. असली पुस्तकं आधी नावं गोळा करून, त्या नावांच्या भरवशावर छापतात. त्यानं ते शनिवारी दुपारी न कापता वाचलं होतं. सोमवारी परीक्षण दिलं होतं. मंगळवारी पिनॉकच्या कपाटातून जहाज खाली उतरलं होतं. परीक्षणाखाली नाव नव्हतं. मासिकात कुणाचंच नसे, तशी रीतच होती. त्यामुळे बाई त्याच्याकडे आली ती त्याच्याविरुद्ध नव्हे. त्याला हे कळायला दोन श्वास लागले, आणि कळल्यावर बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज त्याला पुढे सर्वांत जास्त वाटायची होती, पण अजून ती यायची होती.

ती विणता विणता बोलत होती. डोळे हातांकडे नव्हते, त्याच्याकडे होते. ती म्हणाली, तुमचं पुस्तक पाद्र्यांकडे आलं, ते आमच्याकडे सतरा घरं फिरलं. हिवाळ्यात आम्ही एकेका घरी जमतो, दहाबारा जणी, शेकोटी एकाच घरची जळते म्हणजे बाकीच्यांचं सरपण वाचतं. सगळ्या विणतात, एक वाचते. वाचणारीचं विणकाम मागे पडतं म्हणून तिचा मोजा बाकीच्या थोडा थोडा विणून देतात. तुमच्या पुस्तकाला अकरा संध्याकाळी लागल्या. एक ओळ सोडली नाही. "शेवटी छापणाऱ्याचं नाव-पत्ता होता, तोही वाचला," ती म्हणाली. "आमच्या ॲलिसला वाटलं, तीही कविताच."

तो हसला. हसणं नीट जमलं.

"एके ठिकाणी मात्र तुमचा मेंढपाळ थंडीच्या तोंडावर लोकर कातरतो."

टॅपस्कॉटनं भुवया उंचावल्या. त्याला ती कविता आठवत होती. पानगळ, कातरीचा आवाज, शुभ्र लोकरीचा ढीग आणि वर पहिला हिमकण. एका मोठ्या समीक्षकानं त्या हिमकणाबद्दल लिहिलं होतं. तिनं सांगितलं की तेव्हा कातरली तर मेंढरं आठवड्यात मरतील. कातरणी जूनमधली. त्यावर बाया खूप हसल्या, सुया खाली पडल्या. पण मग म्हाताऱ्या नॅनीनं म्हटलं की माणूस लांबचा आहे, कुणी सांगितलं नसेल; पुढचं वाचा, मन चांगलं दिसतंय. आणि त्यांनी पुढचं वाचलं. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. त्यांच्या माफीची गोष्ट ती अशा सुरात सांगत होती, जसं काही पाहुण्याच्या मुलानं कप फोडला होता पण आम्ही काही बोललो नाही. बारा बायांनी त्याची चूक पकडली होती, पकडायला इतकं बारीक वाचलं होतं, आणि तरी पान उलटलं होतं. त्यानं आठवून पाहिलं, आपण कुणाची चूक सापडल्यावर पुढे वाचलं आहे का. चूक सापडली की त्याला सुटल्यासारखं होई. आता वाचायची गरज उरली नाही.

मग ती मुद्द्यावर आली. ते परीक्षण जिल्ह्याच्या वर्तमानपत्रानं पुन्हा छापलं होतं. त्यातलं एक वाक्य खोऱ्यात घरोघर गेलं. टॅपस्कॉटला ते पाठ होतं. लिहिताना तो खुर्चीत मागे रेलून एकदा मोठ्यानं म्हणाला होता, इतकं ते गोळीबंद होतं. या कवयित्रीच्या भावनेचं शिखर कोणतं म्हणाल, तर मेंढीला घातलेला चारा. बाजारात लोकरीचा व्यापारी मोजे मोजून घेताना प्रत्येक बाईला विचारू लागला, काय, घातला का चारा? चर्चच्या दारात पोरीसोरी विचारू लागल्या. हेस्टरला त्याचं काही नव्हतं, ती म्हणाली, हसणाऱ्याचे दात दिसले म्हणून आपले पडत नाहीत. पण ज्या बायांनी पहिल्या पुस्तकाला नावं दिली होती, त्यांची नावं छापून आली होती. त्याही आता त्या मेंढीच्या झाल्या. एकेक करून त्या पाद्र्यांकडे गेल्या आणि दुसऱ्या पुस्तकाच्या यादीतून नाव काढायला सांगून आल्या. ॲलिसनंसुद्धा काढलं. यादी नाही तर पुस्तक नाही. दुसरं पुस्तक लिहून तयार होतं, पेटीत होतं. छापणारा म्हणाला होता की लंडनच्या एखाद्या नावाच्या माणसानं सही करून चार शब्द लिहिले तर लोक परत येतील. म्हणून ती मोज्यांच्या गाड्यांबरोबर नऊ दिवस करून आली होती. तिच्या माहितीतला लंडनचा नावाचा माणूस एकच होता.

"मी तुमच्यासाठी आणलंय," ती म्हणाली आणि पिशवीतून रुमालात बांधलेलं पुस्तक काढलं. "माझ्याकडची शेवटची प्रत पाद्र्यांनी ठेवली. इथं शोधली. पिनॉक म्हणून कुणी आहे, त्याच्याकडे एकच होती. कोरी होती म्हणूनच घेतली, तुम्ही तुमच्या हातानं कापावी म्हणून. चौदा जोड गेले."

चौदा जोड मोज्यांचे. म्हणजे सात शिलिंग. नव्या पुस्तकाची पूर्ण किंमत. पिनॉकनं एक पेनी सोडली नव्हती.

राखी पुठ्ठा. मागच्या कोपऱ्यात पिनॉकची पेन्सिलीची खूण, एक लहानसा फुलीसारखा काटा, टॅपस्कॉटनं आणून दिलेल्या सगळ्या पुस्तकांवर तो तीच करी. टॅपस्कॉटनं पुस्तक हातात घेतलं तेव्हा त्याला डिंकाचा तोच वास आला. त्यानं विचार केला, खूण आहे तर आहे, तिला काय माहीत. मग तिनं टेबलावरची हस्तिदंती सुरी उचलून मुठीकडून त्याच्यापुढे धरली. कोरं पुस्तक भेट दिलं की घेणाऱ्यानं दोन पानं तरी देणाऱ्यासमोर कापावीत, हा शिष्टाचार त्यालाही माहीत होता. तो कापू लागला. सुरी कागदातून जाताना जो आवाज होतो, खरखर आणि मध्येच फाटल्यासारखा हुंदका, तो त्याला लहानपणापासून आवडे. आपण तो किती वर्षांत ऐकला नाही हे त्याच्या ध्यानात आलं. यादी. ॲलिस. नॅनी. पहिली कविता, दुसरी. तो मध्ये थांबून एखादी ओळ वाची, मान हलवी. ओळी वाईट नव्हत्या. नोव्हेंबरात त्या इतक्या बऱ्या कशा दिसल्या नाहीत? तेव्हा त्या अर्ध्या होत्या. वरची बाजू कुठेतरी, खालची कुठेतरी, आणि मधलं त्यानं रचलं होतं, एक्झेटरच्या काचेसमोर रचायचा तसं. फक्त तेव्हा तो चांगलं रची. आता वाईट रचू लागला होता, कारण वाईट रचलेलं लवकर लिहून होई.

चाळिसाव्या पानाच्या आसपास त्याला ती साल आठवली.

आधी बोटांना आठवली. शनिवार, खिडकी, अंगठ्यानं फुगवलेली पिशवी. तळाच्या ओळी टिपून घ्यायच्या होत्या, टाक शाईत बुडवायचा होता, म्हणून खूण राहावी म्हणून सालीचं टोक खालून त्या पिशवीत सरकवलं. पुस्तक आडवं ठेवलं. परत उचललं तेव्हा साल आत गेली होती, वरच्या घडीपर्यंत. हलवली, झटकली, टाकाच्या मागच्या टोकानं ओढून पाहिली. ओली साल कागदाला चिकटली होती. काढायची तर पान कापायला हवं होतं. पान कापलं तर जहाज गेलं. पिनॉक काही पिशव्यांत वाकून बघत नाही, त्याला वाटलं होतं. आणि पिनॉकनं खरंच पाहिलं नव्हतं.

अठ्ठेचाळीसच्या पानावर त्यानं सुरी खाली ठेवली. म्हणाला, आता राहू द्या. उरलेलं मी निवांत, एकटा असताना. असं घाईनं वाचणं म्हणजे तुमच्यावर अन्याय. हे शब्द तोंडातून बाहेर पडताना त्याला त्यांची चव कळली.

"बासष्ट तेवढं उघडा," हेस्टर म्हणाली. "त्याच्यासाठीच आले. मेंढी तिथं आहे."

दुसरा कुणी असता तर चहा मागवला असता. त्याच्याही मनात आलं. पॉट्सबाईला हाक मारावी, चहा येईल, ओतताना पुस्तक ओलं होईल, काहीतरी होईल. त्यानं हाक मारली नाही, आणि ते धैर्य नव्हतं. ती पुस्तकाकडे बघत होती. त्यानं सुरी घेतली. वरची घडी कापताना पुस्तक स्वतःकडे कलतं धरलं, बाही पुढे ओढली. मग बाजूची घडी. सुरी कशाला तरी अडखळली, कागदापेक्षा जाड कशाला तरी, आणि त्यानं जरा जोर केला. साल बाहेर पडली. ती टेबलावर पडली असती तर त्यानं हात ठेवला असता. ती कडेवरून घसरली आणि हेस्टरच्या मांडीवर, अर्ध्या विणलेल्या मोज्यावर पडली. तपकिरी, सपाट, वाळलेली, तरी तिचं वेटोळं अजून तसंच होतं. टोकापासून टोकापर्यंत एकसंध.

हेस्टरनं ती पाहिली. तिचे हात थांबले नाहीत. विणणाऱ्या बाईनं ओळ मध्येच सोडायची नसते, टाके निसटतात. ओळ पुरी व्हायची होती. टॅपस्कॉटला सुयांचे टोले ऐकू येत होते. तेवढ्यात तिची नजर उठली आणि टेबलावरच्या ताटलीवर गेली. तिथं आजची साल होती, लाल-पिवळी, ओली, एकसंध. नजर तिथून पुस्तकाच्या नुकत्याच कापलेल्या कडेवर गेली, तिथून मागच्या पुठ्ठ्यावरच्या पेन्सिलीच्या फुलीवर, आणि परत मोज्यावर. आपल्याला कुणी इतक्या सावकाश, इतकं पुरतं, आजवर वाचलं नव्हतं, असं त्याला वाटलं. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. एक्झेटरच्या शाळेत चोरलेला टाक बाकावर सापडला होता तेव्हा तापल्या होत्या तशा. आणि तेव्हासारखंच त्याला आत्ताही आधी हेच सुचलं, की म्हणावं, हे माझं नाही.

ओळ संपली. तिनं सुया एकत्र केल्या.

"वाचा," ती म्हणाली. "वरून."

त्यानं वाचलं. मोठ्यानं वाचावं लागलं, कारण ती तशीच वाट बघत होती. पान बासष्ट, वरची ओळ. एका बाळाच्या पायाचं माप. थंडीच्या आधी मोजा व्हायला हवा म्हणून आई घाई करते, टाचेपर्यंत येते. मग तीन ओळी तापाच्या, त्यांत ताप हा शब्दच नाही. फक्त पाय गरम, मग फार गरम, मग मापाचा दोरा थंड. पान त्रेसष्ट. खड्डा खणणारा माणूस, जमीन गोठलेली. घरी येऊन ती मोजा उसवते. टाचेपासून वर, एकेक ओळ उलटी. लोकर वाया घालवायची नसते, ती गुंडाळी करून ठेवते. कुणाच्या तरी पायाला होईल. आणि मग, अगदी तळाशी, त्यानं नोव्हेंबरात मान वाकडी करून वाचलेल्या ओळी:

मग उठले. मेंढीला चारा घातला.
दाराला अडसर लावला.
आणि निजले.

तो थांबला तेव्हा खाली पॉट्सबाई जिना झाडत होती. तिच्या झाडूचा आवाज पायरीपायरीनं वर येत होता. कविता त्याच्या सबंध दोन पुस्तकांत नव्हती अशी होती, आणि हे त्याला कळत होतं, आणि कळण्यात एक नीच सुख होतं, जे चांगलं वाचल्यावर होतं तेच. त्या सुखाचीही त्याला लाज वाटली. काहीतरी बोलायला हवं होतं. तो म्हणाला की तो लिहील. नावानिशी लिहील. मोठं लिहील, या कवितेची जागा कुठे आहे ते सांगेल, कुणाच्या शेजारी. शब्द येऊ लागले, चांगले शब्द, सवयीचे. हेस्टर ते पाऊस थांबायची वाट बघावी तशी ऐकत राहिली.

"स्तुती नको," ती म्हणाली. "आमच्या बायांना स्तुती कळत नाही, त्यांना वाटेल मी विकत घेतली. एकच वाक्य लिहा. त्या माणसानं हे पान कापलं नव्हतं, एवढंच. तो कोण, ते लिहू नका. मी विचारत नाही."

तो हो म्हणाला.

"एवढं वाचलं की ॲलिस नाव परत देईल. ती म्हणाली होती, अख्खं वाचून कुणी हसला असेल तर आपलंच चुकलं असेल."

ती उठली. मांडीवरची साल दोन बोटांत उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरली, जशी बाजारात लोकर धरतात. मग रुमालात नीट बांधली.

"आमच्याकडे साली टाकत नाहीत, साहेब," ती म्हणाली. "मेंढीला घालतो."

ती दाराबाहेर पडली. जिन्यावर पॉट्सबाईनं तिला वाट दिली. लाकडी तळांचा आवाज एकेक पायरी उतरला. थोड्या वेळानं पॉट्सबाईनं दारातून डोकं घातलं आणि विचारलं की काय हवं होतं बाईला, देणगी? टॅपस्कॉट म्हणाला, एक वाक्य. पॉट्सबाई म्हणाली, मग देऊन टाकायचं. तुमच्याकडे काय कमी आहेत.

त्यानं ते लिहायला घेतलं, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. दुसऱ्याच दिवशी सकाळी घेतलं. संपादकास पत्र, नम्र, भारदस्त. त्या वाक्यापर्यंत ते सुरेख येई. सदर परीक्षकानं बासष्टावं पान कापलं नव्हतं. इथं टाक थांबे. हे तुम्हाला कसं कळलं, असं संपादक विचारील. ज्यानं कापलं नाही त्यालाच हे ठाऊक असणार. संपादकाला परीक्षक कोण ते ठाऊकच होतं. मग पिनॉकची गोष्ट निघेल, कोऱ्या पुस्तकांचा धंदा निघेल, पुस्तकं यायची थांबतील. काचेचं कपाट बंद होईल. त्यानं वाक्य सौम्य केलं: परीक्षकानं ही कविता कदाचित घाईत वाचली असावी. मग आणखी सौम्य केलं. चौथ्या मसुद्यात वाक्य उरलंच नाही, नुसती स्तुती उरली, आणि स्तुती नको, असं तिनं सांगितलं होतं. तेव्हा, तिच्या इच्छेला मान देऊन, त्यानं पत्र पाठवलं नाही. असं त्यानं स्वतःला खरोखर सांगितलं, याच शब्दांत, आरशासमोर दाढी करताना. आणि वस्तरा हनुवटीवर थोडा वेळ तसाच धरून ठेवला, कारण आरशातला माणूस मान हलवत होता.

एप्रिलमध्ये संपादकांकडून तीन नवी पुस्तकं आली. त्यानं ती कापली. तिन्ही, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, छापणाऱ्याच्या पत्त्यासकट. पहिलं कंटाळवाणं होतं, दुसरं बरं, तिसऱ्याचा एक भाग चांगला. ती घेऊन तो पिनॉककडे गेला तेव्हा पिनॉकनं कडा अंगठ्यानं फिरवून पाहिल्या आणि काळजीनं विचारलं की टॅपस्कॉट साहेबांची तब्येत बरी आहे ना. मग आवाज खाली आणून, सहज म्हणून, उत्तरेकडून एका पाद्र्याचं पत्र आल्याचं सांगितलं. त्या मेंढीवाल्या पुस्तकाच्या, वर्गणीदारांनी परत केलेल्या प्रती रद्दीच्या भावात कुणी घेईल का, अशी विचारणा होती. दुसरं काही निघायचं नाही आता तिकडून, पिनॉक म्हणाला. पण ती एक प्रत बाकी मी बरी विकली.

घरी येऊन टॅपस्कॉटनं सफरीचा दुसरा खंड उघडला. तो नोव्हेंबरातच वाचून झाला होता, दोनदा. जहाज एकोणचाळिसाव्या पानावर सुटतं; बर्फ दुभंगतो, स्वयंपाकी रडतो, कप्तानाचे दात पडतात पण कप्तान जगतो, आणि चौदा महिन्यांनी सगळे बंदराला लागतात. पानांमध्ये जुन्या साली होत्या. त्या त्यानं एकेक काढल्या. संपादकानं या व्यवहारात एक कोरं पुस्तक दिलं. पिनॉकनं एक जुना खंड दिला आणि नव्या पुस्तकाची पूर्ण किंमत घेतली. टॅपस्कॉटनं एक वाक्य द्यायचं होतं, ते अजून त्याच्याकडेच आहे. जहाजावरची बावीस माणसं घरी पोचली, आणि त्यांचं भाडं हेस्टर मेटकाफनं भरलं होतं, चौदा जोड मोजे, स्वतःच्या हातचे, एकाही टाक्याची चूक नसलेले.